मुलं वाढली नाहीत, माणसं वाढली : मोठ्या देशांची लोकसंख्या कशी वाचायची?

पानगळ

२००१ ते २०११ या दहा वर्षांत भारताची लोकसंख्या १८ कोटींनी वाढली. त्याच दोन जनगणनांमधला आणखी एक रकाना काढून बघा, ० ते ६ वयाच्या मुलांचा. २००१ मध्ये ही मुलं होती १६.३८ कोटी, २०११ मध्ये १६.४५ कोटी. देशात १८ कोटी माणसं वाढली आणि त्यात लहान मुलांची भर जेमतेम सात लाखांची.

लोकसंख्येवर कुठेही बोलणं निघालं की "लोक ऐकतच नाहीत, मुलं होऊ देतातच" या वाक्यापाशी सगळं येऊन थांबतं, आणि त्याचा राग बहुतेक वेळा गरिबांवर आणि बायकांवर निघतो. मला हे मनापासून खटकतं, कारण आकडे काही वेगळंच सांगतात. म्हणून हा धागा.

आधी मूळ गोष्ट. एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील, तो एकूण प्रजनन दर. तो २.१ च्या आसपास असेल तर एक पिढी आपल्याइतकीच पुढची पिढी मागे ठेवते. भारताचा दर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ ला, ३.४ होता. पाचव्या फेरीत (२०१९-२१) तो २.० वर आला. म्हणजे आपण २.१ च्या खाली आलोसुद्धा. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारत २०६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढत राहणार, १७० कोटींपर्यंत जाणार आणि मग उतरत शतकाच्या शेवटी १५० कोटींवर येणार.

दर खाली आला तरी वाढ कशी? कारण आज आई होणाऱ्या मुली जन्मल्या तेव्हा दर तीनच्या वर होता. त्या संख्येनेच खूप आहेत. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी वर्षाला सव्वादोन-अडीच कोटींच्या दरम्यान बाळं जन्मतात आणि मृत्यू त्याच्या निम्म्याहूनही कमी असतात. दुसरीकडे, आज सत्तरीत असलेली पिढी मुळात लहान होती, तिच्यातली कित्येक मुलं पाच वर्षांचीही झाली नव्हती. तिची जागा आता साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या मोठ्या पिढ्या घेतायत. याला लोकसंख्याशास्त्रात मोमेंटम म्हणतात. पुढच्या तीस वर्षांत भारतात होणारी बरीचशी वाढ अशी आधीच जन्माला येऊन बसली आहे. ती कायद्याने थांबवता येणार नाही.

चीन हे याचं उलटं टोक. १९६३ साली एका वर्षात तिथे जवळपास तीन कोटी मुलं जन्मली होती. २०१६ साली पावणेदोन कोटींच्या वर. २०२३ साली ९० लाख. सात वर्षांत जन्म निम्म्यावर! २०२४ हे त्यांच्याकडे शुभ मानलं जाणारं ड्रॅगन वर्ष, म्हणून जन्म थोडे वाढून ९५ लाख झाले, पण मृत्यू १ कोटी ९ लाख. १९५९-६१ च्या भीषण दुष्काळानंतर चीनची लोकसंख्या पहिल्यांदा घटली ती २०२२ मध्ये, आणि तेव्हापासून घटतेच आहे. एप्रिल २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकलं त्याचा आपल्याकडे बराच गाजावाजा झाला. खरं तर त्यात भारताच्या वेगापेक्षा चीनच्या घसरणीचा वाटा मोठा होता. शतकाच्या शेवटी चीन ६३ कोटींवर असेल असा अंदाज आहे, म्हणजे आजच्या निम्म्याहूनही कमी.

बाकीच्यांचं थोडक्यात. अमेरिका (३४.५ कोटी) प्रजनन दर १.६ च्या आसपास असूनही वाढत राहील ती स्थलांतरामुळे. रशियात १९९२ पासून बहुतेक वर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त. इंडोनेशिया (२८.३ कोटी) २.१ च्या जवळ येऊन स्थिरावतोय. ब्राझीलची गंमत वेगळी आहे, तिथे सरकारने लोकसंख्या नियंत्रणाची मोहीम कधी चालवलीच नाही. तरी १९६० च्या सुमारास सहाच्या वर असलेला दर आज १.६ च्या खाली. २०२२ च्या जनगणनेत २०.३ कोटी माणसं मोजली गेली, अपेक्षेपेक्षा बरीच कमी, आणि २०४१ नंतर उतार सुरू होईल असं त्यांचीच सांख्यिकी संस्था सांगते. खरी वाढ राहिली आहे ती पाकिस्तान, नायजेरिया, काँगो, इथिओपिया या देशांत. त्यांच्याबद्दल जाणकारांनी लिहावं.

दीपमाळ

चांगला धागा. पण एक मुद्दा पटला नाही. चीनने एक मूल धोरण राबवलं म्हणूनच तो आज या आकड्यावर आहे. आपण लोकशाहीच्या नावाखाली ते केलं नाही आणि १४५ कोटींवर पोचलो. मोमेंटम वगैरे ठीक आहे, पण तेव्हाच कडक कायदा झाला असता तर हा मोमेंटम तयारच झाला नसता ना?

पानगळ

दीपमाळ, प्रश्न रास्त आहे आणि बहुतेकांच्या मनात हाच असतो. पण तारखा बघा. एक मूल धोरण देशभर लागू झालं १९७९-८० मध्ये. चीनचा प्रजनन दर १९७० साली ५.८ च्या आसपास होता आणि १९७९ पर्यंत २.८ च्या खाली आला होता. म्हणजे दर निम्म्यावर आला तो त्या धोरणाच्या आधीच्या दहा वर्षांत. त्या काळात "उशिरा लग्न, दोन मुलांत जास्त अंतर, कमी मुलं" अशी मोहीम होती. तीही सक्तीमुक्त नव्हती, पण एका मुलाचा नियम नव्हता. मुलींचं शिक्षण आणि खेड्यापाड्यांत पोचलेली प्राथमिक आरोग्यसेवा यांनी बालमृत्यू आधीच खाली आणले होते.

नंतरच्या धोरणाने काय दिलं? २००४ च्या सुमारास दर शंभर मुलींमागे १२१ मुलगे जन्मत होते. त्या न जन्मलेल्या मुलींच्या मुलीही आज नाहीत. २०१६ ला दोन मुलांची परवानगी दिली, २०२१ ला तीन मुलांची. जन्म वाढले का? वर दिलेले आकडे त्यानंतरचेच आहेत.

आणि आपण सक्ती केली नाही हे खरं नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांच्या वर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यात पुरुषांच्या साठ लाखांहून जास्त. त्याची किंमत आजही मोजली जातेय. पुरुष नसबंदी या देशातून जवळपास हद्दपार झाली. पाचव्या फेरीच्या सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांमध्ये स्वतःची शस्त्रक्रिया झालेल्यांचं प्रमाण ३७.९ टक्के, आणि नवऱ्याची झाली असं सांगणाऱ्यांचं ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया जास्त सोपी, कमी धोक्याची, तरी ०.३! सक्तीने एका पिढीच्या मनात जी भीती बसवली तिचा भार बायकांनी उचलला.

गवतफूल

+१. शेवटचा परिच्छेद प्रत्येकाने वाचावा.

काजवा

नायजेरियाबद्दल लिहितो, कारण सगळे भाकितवाले तिथेच सर्वात जास्त गडबडतात.

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या अंदाजांच्या २०१२ च्या आवृत्तीत २१०० सालचा नायजेरिया ९१ कोटींचा होता. २०२२ च्या आवृत्तीत साधारण ५५ कोटी. २०२४ च्या आवृत्तीत ४८ कोटींच्या आत. बारा वर्षांत भाकित जवळपास निम्म्यावर आलं. दुसरीकडे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आयएचएमई संस्थेने २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जे अंदाज छापले त्यात नायजेरिया ७९ कोटींसह जगात दुसऱ्या क्रमांकावर, चीनच्या पुढे. गंमत म्हणजे त्याच अंदाजात एकूण जग संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजापेक्षा लहान होतं. एकाच देशाबद्दल इतकं अंतर का? कारण पाच-साडेपाच मुलांवरून दर किती झपाट्याने उतरेल यावर सगळं अवलंबून आहे, आणि ऐंशी वर्षांत छोटासा फरकही चक्रवाढीने कोटींच्या कोटी होतो.

दर उतरतोय हे नक्की. तिथल्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणात २०१३ ला ५.५, २०१८ ला ५.३, २०२३-२४ ला ४.८. पण देश एकसारखा नाही. २०१८ मध्ये वायव्य भागात दर ६.६ होता आणि नैऋत्येत, जिथे लागोस आहे, ३.९.

आता खरी अडचण. नायजेरियात नेमकी किती माणसं आहेत हेच कुणाला ठाम सांगता येत नाही. शेवटची जनगणना २००६ ची, १४ कोटींची. तीही वादात सापडली. अधिकृत आकड्यात उत्तरेचं कानो राज्य ९४ लाख आणि लागोस ९० लाख. लागोस सरकारने स्वतः मोजणी केली होती, तिचा आकडा आला १ कोटी ७५ लाख. एकाच राज्याचे, एकाच वर्षाचे, दोन आकडे आणि दुसरा पहिल्याच्या जवळपास दुप्पट! यामागे गणिताची चूक नाही. केंद्राचा पैसा आणि प्रतिनिधित्व डोक्यांच्या संख्येवर वाटलं जातं, त्यामुळे प्रत्येक प्रदेशाला आपली डोकी जास्त दिसायला हवी असतात. १९६२ ची मोजणी रद्द झाली, १९७३ ची रद्द झाली. १९९१ ला मोजलं तर ८.८९ कोटी निघाले, तोवर जग धरून चाललं होतं त्यापेक्षा कोट्यवधींनी कमी. २०२३ ला ठरलेली जनगणना पुढे ढकलली गेली. त्यामुळे २०२४ चा २३.३ कोटी हा आकडाही अंदाजावर उभा आहे.

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचं (किन्शासावालं) तर याहून कठीण. तिथली शेवटची जनगणना १९८४ ची.

रिकामा_रकाना

काजवा, उत्तम प्रतिसाद. एक जोडतो. जिथे जनगणना होत नाही तिथे वर उल्लेख केलेली लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणं हाच आधार असतो. प्रशिक्षित बायका घरोघर जाऊन १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना एकेका बाळंतपणाबद्दल विचारतात : मूल कधी झालं, जगलं का, गेलं तर कितव्या महिन्यात. त्या उत्तरांतून दर काढतात. या सर्वेक्षणांना चार दशकं अमेरिकी सरकारचा निधी होता, तो २०२५ च्या सुरुवातीला बंद झाला. दुसरीकडून काही तात्पुरती सोय झाली आहे, पण पुढच्या दहा वर्षांत आफ्रिकेचे अंदाज आणखी धूसर होणार हे दिसतंय. नेमकं जिथे जगाची वाढ होणार, तिथलीच मोजणी आपण सोडून देतोय. याची चिंता वाटायला हवी.

उंबरठा

पाकिस्तान आणि बांगलादेश या जोडीवर लिहायचं होतं.

१९६१ च्या जनगणनेत पूर्व पाकिस्तान ५ कोटींच्या वर होता आणि पश्चिम पाकिस्तान ४.३ कोटी. म्हणजे आजचा बांगलादेश मोठा भाऊ होता. २०२२ च्या मोजणीत बांगलादेश १७ कोटींच्या जवळ, आणि २०२३ च्या मोजणीत पाकिस्तान २४ कोटींच्या वर. साठ वर्षांत पारडं पूर्ण फिरलं. दोन्हीकडे मुस्लिम बहुसंख्या, त्यामुळे "धर्मामुळे दर जास्त" हे स्पष्टीकरण इथे चालत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी बांगलादेश दोघांत गरीब होता, म्हणून "आधी श्रीमंती, मग लहान कुटुंब" हेही चालत नाही.

मग काय झालं? ढाक्याच्या आग्नेयेला मतलब नावाचा नदीकाठचा, पुराचा भाग आहे. तिथे कॉलरा संशोधनासाठी घराघरांतल्या जन्म-मृत्यूंची नोंद आधीपासून ठेवली जात होती. १९७७ मध्ये तिथल्या साधारण निम्म्या गावांत एक प्रयोग सुरू झाला. त्याच गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या, लग्न झालेल्या, स्वतः गर्भनिरोधक साधनं वापरणाऱ्या बायका नेमल्या. त्या दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायच्या. आधी काय असायचं? गोळ्या वाटून कार्यकर्ता निघून जायचा, चक्कर आली, रक्तस्राव झाला की बाई गोळी टाकून द्यायची. इथे तीच कार्यकर्ती पंधरा दिवसांनी परत यायची, त्रास ऐकायची, दुसरं साधन सुचवायची, इंजेक्शन घरीच द्यायची. बाईला परवानगी काढून, पडद्याबाहेर पडून दवाखान्यात जावं लागत नव्हतं. दीड वर्षात त्या गावांत साधनं वापरणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आतून जवळपास एक तृतीयांशापर्यंत गेलं. उरलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही.

हाच नमुना पुढे सरकारने देशभर नेला, हजारो महिला कार्यकर्त्या नेमून. सत्तरच्या दशकात सहाच्या वर असलेला दर २०११ पर्यंत २.३ वर आला. मुलींच्या शाळा आणि कपड्यांच्या कारखान्यांतली नोकरी याही त्यामागे आहेतच. पाकिस्तानात घरोघर जाणाऱ्या लेडी हेल्थ वर्कर आल्या १९९४ मध्ये, त्याही सर्वत्र पोचल्या नाहीत. २०१७-१८ च्या सर्वेक्षणात तिथला दर ३.६ होता. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजात शतकाअखेर पाकिस्तान ५० कोटींच्या पुढे आहे.

एक खंतही आहे. बांगलादेशात २०११ नंतर दर २.३ वरच अडकून राहिला. मुलींची लग्नं अजूनही लवकर होतात, आणि घरोघरच्या भेटी पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.

गवतफूल

मतलबबद्दल पहिल्यांदाच वाचलं. इतकं साधं काम आणि इतका मोठा परिणाम! याच्या तुलनेत भारतात उत्तर-दक्षिण फरक आहे त्याचं काय?

पानगळ

गवतफूल, भारतातला फरकही वेगाने मिटतोय. उत्तर प्रदेशचा दर २००५-०६ मध्ये ३.८ होता, २०१९-२१ मध्ये २.४. बिहार ४.० वरून ३.० वर. केरळ आणि तामिळनाडू १.८, महाराष्ट्र १.७. शिक्षणाप्रमाणे बघितलं तर शाळेत कधीच न गेलेल्या स्त्रियांचा दर २.८ आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्यांचा १.८. म्हणजे शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही आज सरासरी तीनपेक्षा कमी मुलं होतात. एकेकाळी सगळ्या देशाची सरासरी सहाच्या जवळ होती.

उंबरठा यांनी जे लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. कार्यकर्ती परत येते, त्रास ऐकते, हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. कायदा करणाऱ्याला तसं परत यावं लागत नाही.

समांतर

पानगळताई, आता राजकारणाचा प्रश्न विचारतोच. ज्या राज्यांनी लवकर दर कमी केला त्यांच्या लोकसभेच्या जागा कमी होणार का? १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने जागा १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवल्या, ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. गोठवण्यामागे हेतूच हा होता की कुटुंबनियोजन केलं म्हणून कुणाचं नुकसान होऊ नये. आता दक्षिणेत नेते उघड उघड जास्त मुलांची भाषा करू लागलेत. आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू तर जाहीरपणे बोललेत, आणि दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांना स्थानिक निवडणुकीला बंदी घालणारा नियम आंध्र विधानसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढून टाकला.

दीपमाळ

हा नियम कालपर्यंत सगळे चांगला म्हणत होते आणि आता उलट? मग जास्त मुलं जन्माला घाला म्हणून तरी लोक ऐकतात का?

काजवा

आजवरचा अनुभव नाही असाच आहे. रशियाने २००७ पासून दुसऱ्या मुलासाठी मोठी रक्कम द्यायला सुरुवात केली. काही वर्षं दर चढला, मग परत १.४ च्या आसपास उतरला. दक्षिण कोरियाने अनेक वर्षं प्रचंड पैसा ओतला आणि २०२३ ला दर ०.७२, जगातला सर्वात कमी. चीनने २०२५ पासून निवृत्तीचं वय टप्प्याटप्प्याने वाढवायला घेतलंय, पुरुषांचं ६० वरून ६३, स्त्रियांचं ५०-५५ वरून ५५-५८. म्हणजे जन्म वाढतील या आशेवर न राहता त्यांनी म्हाताऱ्या समाजाची तयारी सुरू केली आहे.

पानगळ

दीपमाळ, दोन्ही बाजूंनी उत्तर एकच दिसतं. मुलं किती हवीत हे बाईला हातात साधन, शिक्षण आणि मूल जगेल याची खात्री मिळाली की ती स्वतः ठरवते, आणि एकदा ठरवलं की सरकारने "आता वाढवा" म्हटल्याने ते बदलत नाही. मूल वाढवण्याचा सगळा भार तिच्या एकटीवर राहिला तर तर नाहीच.

समांतर, जागांचा प्रश्न खरा आहे, आणि यात पाकिस्तानकडून काय करू नये ते शिकता येतं. तिथे २०१० पासून प्रांतांना केंद्राच्या महसुलातला वाटा ठरवताना ८२ टक्के वजन लोकसंख्येला आहे. जो प्रांत वाढ रोखेल त्याचा पैसा घटेल, मग रोखेल कोण? आपल्याकडे पंधराव्या वित्त आयोगाने लोकसंख्येला १५ टक्के वजन दिलं आणि प्रजनन दर खाली आणलेल्या राज्यांसाठी १२.५ टक्के वेगळे ठेवले. पैशांच्या बाबतीत वाट निघाली. जागांच्या बाबतीत ती अजून निघायची आहे, कारण तिथे एका मताची किंमत सगळीकडे सारखी असावी हे तत्त्वही तितकंच खरं आहे. बिहारमधल्या मतदाराचं मत केरळमधल्यापेक्षा हलकं का धरायचं, याचं उत्तरही द्यावं लागेल. राज्यसभेत राज्यांचं वजन वाढवणं हा एक मार्ग काही जण सुचवतात. त्यावर कुणी अभ्यास केला असेल तर वेगळा धागा काढा, मी नक्की वाचेन.